नावे-जमा, मोंढा आणि उरलेले आठ कंदील

दहावीचा निकाल लागला की लातूर-नांदेडकडं सगळं घर सायन्स आणि नीटच्या गोष्टी करायला लागतं. कॉमर्सला येणारं लेकरू पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीनं येतं. विषय लिहायची वेळ आली की शेजारच्या मित्रानं जे लिहिलं तेच हेही लिहितं. पुढची दोन वर्षं सोपी जाणार की अवघड, हे बरंचसं त्या अर्ध्या पानावर ठरतं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

अकरावी-बारावी कॉमर्सला सहा विषय, प्रत्येकी १०० गुण, एकूण ६००. इंग्रजी, बीके (पुस्तपालन), ओसी (वाणिज्य संघटन) आणि अर्थशास्त्र बहुतेक ठिकाणी ठरलेलेच असतात. खरी निवड दोन जागी: दुसरी भाषा की आयटी, आणि मॅथ्स की एसपी (चिटणिसाची कार्यपद्धती). सीए व्हायचं असेल तर मॅथ्स सोडू नये. सीएची पहिली परीक्षा म्हणजे फाउंडेशन, तिच्या चार पेपरांपैकी एक पेपर गणित, तर्क आणि सांख्यिकीचा असतो, आणि बारावीला मॅथ्स सोडलेल्या पोरांना तो नव्यानं शिकावा लागतो. नुसतं बीकॉम करून नोकरी किंवा घरचं दुकान बघायचं असेल तर एसपी पुरते. कंपनीचा पत्रव्यवहार, शेअर, ठेवी, कर्जरोखे हे त्यात येतं. पाठ करायचा भाग जास्त, पण लिहून काढणाऱ्याला गुण चांगले पडतात.

आयटी घेण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात. एक, आयटीचं पुस्तक इंग्रजीत आहे. बीके-ओसी मराठीतून शिकणाऱ्यानं हे आधीच मनाशी धरावं. अवघड काही नसतं, पण पहिले दोन महिने शब्दार्थात जातात. दोन, हा विषय पुष्कळ ठिकाणी विनाअनुदान तत्त्वावर चालतो, त्यामुळं त्याची फी वेगळी असते. प्रवेशाच्या दिवशी कळण्याऐवजी आधी विचारावी आणि पावतीवर ती वेगळी दाखवतात का तेही बघावं. तीन, लॅब. फलकावर ३० संगणक लिहिलेले असतात. त्यातले चालू किती, एका तुकडीला किती मुलं, आणि लाईट गेल्यावर इन्व्हर्टर किती वेळ पुरतो, हे विचारायला लाजू नये. मराठवाड्यात उन्हाळ्याच्या तोंडावर वीज दुपारी जाते, आणि प्रॅक्टिकलच्या तुकड्याही दुपारच्याच असतात.

२०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. फॉर्ममध्ये १ ते १० पसंतीक्रम देता येतात. इथं अडकायला होतं ते असं: पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथं प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून ‘टाकून बघू’ म्हणत तालुक्याबाहेरचं कॉलेज पहिल्या क्रमांकावर लिहू नये. शिवाय एकाच कॉलेजची अनुदानित, विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित जागा वेगवेगळ्या नोंदींत येते, माध्यमही वेगळं असतं. नाव सारखं दिसलं म्हणून पहिली ओळ निवडली आणि फी तिप्पट आली, असं होतं.

आता वहीकडं येऊ. आडत्याच्या किंवा किराणा दुकानदाराच्या घरातली लेकरं बीकेला सोपी जातील असं वाटतं, पण पहिल्या महिन्यात तीच जास्त गोंधळतात. कारण घरच्या रोजमेळात डाव्या बाजूला ‘जमा’ असतं आणि उजवीकडं ‘नावे’. कॉलेजात डावीकडं नावे, उजवीकडं जमा. पोरगं म्हणतं, सर, पुस्तक उलटं छापलंय. दोन्ही बरोबर आहेत. घरच्या वहीत पैसे आणून देणाऱ्याचं खातं डोळ्यांपुढं असतं. गणपतनं ५०० दिले, म्हणजे गणपतच्या खात्यावर ५०० जमा. कॉलेजच्या रोकड पुस्तकात रोकडीचं खातं डोळ्यांपुढं असतं. रोकड आली, म्हणजे रोकड नावे. एकच व्यवहार, कोणाच्या दारात उभं राहून बघतो एवढाच फरक. पहिल्याच आठवड्यात घरची एक जुनी वही आणि कॉलेजची वही शेजारी ठेवून हे दाखवलं तर पुढं ‘देणाऱ्याला जमा, घेणाऱ्याला नावे’ हा नियम घोकावा लागत नाही.

रोजकीर्द (रोजच्या नोंदी), खतावणी (खात्यावार नोंदी), तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, जिच्या दोन्ही बाजू जुळायला हव्यात), मग नफा-तोटा आणि ताळेबंद. हा क्रम संगणकावर बसण्याआधी निदान ४० व्यवहार हातानं लिहून पुरा झालेला असावा. याबाबत आमचं मत पक्कं आहे. टॅलीवर, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर, आधी बसलेल्या पोराला कुठलं बटण दाबायचं ते कळतं, पण नोंद कुठं गेली ते कळत नाही.

तेरीज जुळत नाही तेव्हा सगळं पहिल्यापासून तपासत बसू नये. आधी फरकाचा आकडा बघावा. फरकाला ९ नं पूर्ण भाग जात असेल तर बहुधा अंक उलटसुलट झालेत. ५,६४० च्या जागी ५,४६० लिहिलं की फरक १८० येतो, आणि १८० ला ९ नं भाग जातो. तसं नसेल तर फरक निम्मा करून ती रक्कम वहीत शोधावी. ३५० ची नोंद चुकीच्या बाजूला गेली असेल तर फरक ७०० येतो. दोन्हींत सापडलं नाही तर फरकाएवढीच रक्कम खतवायची राहिली का बघावं. एवढ्यानं बहुतेक चुका सापडतात. आणि तेरीज जुळली म्हणून सगळं बरोबर आहे असं नाही. भाड्याची रक्कम पगाराच्या खात्यात गेली तरी बेरजा जुळतातच.

सरावाला पुस्तकातले व्यवहार घ्यावेत, पण मोंढ्यातली (शेतमालाच्या बाजारातली) एखादी जुनी पट्टी, म्हणजे आडत्यानं दिलेली विक्रीची पावतीही घ्यावी. शेतकऱ्याच्या घरात ती कुठल्यातरी पिशवीत असतेच. समजा सोयाबीन १२ क्विंटल ४० किलो, भाव ४,२०० रुपये. एकूण ५२,०८०. त्यातून हमाली, तोलाई आणि गाडीभाडं मिळून ६८० कापले, हातात आले ५१,४००. वर्गात दहातले आठजण विक्री ५१,४०० लिहितात, कारण पैसे तेवढेच आले. विक्री ५२,०८० चीच झाली, ६८० हा खर्च आहे. निव्वळ रक्कम विक्री म्हणून धरली तर पुढच्या वर्षी भाडं वाढल्यामुळं पैसे कमी आले की भाव पडल्यामुळं, हे वहीतून कळायचा मार्ग उरत नाही. ‘१२ क्विंटल ४०’ हे १२.४० की १२.०४, यावरही एकदा फळ्यावर बोलून घ्यावं. हसू येतं, पण चूक दरवर्षी होते.

खर्चाच्या वर्गवारीत आणखी एक खड्डा. माल दुकानात आणायचं भाडं, म्हणजे हुंडेकऱ्याचं बिल, हा प्रत्यक्ष खर्च. तो व्यापार खात्यात जातो. गिऱ्हाइकाच्या घरी माल पोचवायचं भाडं अप्रत्यक्ष, ते नफा-तोटा खात्यात. दोन्हीला आपण भाडंच म्हणतो. जागा बदलली की ढोबळ नफा बदलतो, निव्वळ नफा तोच राहतो, म्हणून चूक पटकन दिसत नाही.

जीएसटी शिकवायला पुस्तकातल्या ‘अ’ आणि ‘ब’ व्यापाऱ्यांपेक्षा एक किराणा बिल बरं पडतं. लातूरच्या घाऊक व्यापाऱ्याकडून उदगीरच्या दुकानदारानं माल घेतला असं धरू. सुटी तूरडाळ ५,००० रुपयांची, कपडे धुण्याची पावडर २,००० ची, अंगाचा साबण १,००० चा. सुट्या डाळीवर कर नाही. तीच डाळ लेबल लावलेल्या एक किलोच्या पाकिटात आली तर ५ टक्के. हा फरक जुलै २०२२ पासूनचा. पावडरवर १८ टक्के म्हणजे ३६०, साबणावर ५ टक्के म्हणजे ५०. बिल झालं ८,४१०. व्यापारी राज्यातलाच असल्यामुळं ४१० चे दोन भाग: केंद्राचा (सीजीएसटी) २०५, राज्याचा (एसजीएसटी) २०५.

आता हाच माल बीदरहून आला असता तर? उदगीरहून बीदर तासाभराच्या वाटेवर, मुंबईला जायला रात्र जाते. पण बीदर कर्नाटकात, म्हणून तिथल्या बिलावर ४१० रुपये एकत्रित आयजीएसटी लागतो, आणि मुंबईच्या बिलावर मात्र सीजीएसटी-एसजीएसटी. देगलूरच्या दुकानदारालाही हेच, त्याचा माल तेलंगणातल्या निजामाबादहून येतो. सीमेवरच्या तालुक्यातल्या लेकरांना हे लगेच पटतं. ओळखायचं कसं, तर जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे बघून: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, तेलंगण ३६. नंबर १५ अक्षरी असतो, पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. नंबर टिपताना शून्य आणि ‘ओ’ यांची गल्लत होते. पॅनच्या भागात आधी पाच अक्षरं, मग चार आकडे, मग एक अक्षर असा क्रम ठरलेला आहे, त्यावरून गल्लत पकडता येते.

या बिलाची नोंद करताना खरेदी ८,००० आणि भरलेला कर ४१० वेगळा दाखवायचा. पोरं सरसकट ८,४१० खरेदीत टाकतात, आणि पुढं विक्रीच्या करातून वजा करायला काही राहत नाही. पण दुकानदार कंपोझिशन योजनेत (छोट्या दुकानदारांनी उलाढालीवर ठरावीक दरानं कर भरायच्या योजनेत) असेल तर त्याला वजावट मिळतच नाही, तेव्हा ८,४१० खरेदीत टाकणंच बरोबर. म्हणून गणित सोडवायच्या आधी ‘दुकानदार कोणत्या प्रकारचा?’ हा प्रश्न विचारायची सवय लावावी. नोंदणीच नसलेलाही असू शकतो. फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत असेल तर साधारणपणे नोंदणी सक्तीची नाही, आणि गावातली निम्मी दुकानं त्यातच बसतात.

दरांचं एक सांगायला हवं. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले. बहुतेक वस्तूंसाठी १२ टक्क्यांचा टप्पा गेला. शाळेच्या वह्या १२ वरून शून्यावर आल्या, साबण आणि टूथपेस्ट १८ वरून ५ वर. बाजारात मिळणाऱ्या गाइडांत आणि लॅबमधल्या जुन्या कंपनी-फाइलींत जुने दर तसेच बसलेले असतात. वस्तूच्या मास्टरमध्ये (तिची माहिती एकदाच भरून ठेवतात त्या नोंदीत) दर बदलला नाही तर बिल बिनबोभाट जुन्या दरानं निघतं, संगणक कुरकुर करत नाही. परीक्षेच्या गणितात मात्र प्रश्नात जो दर दिला तोच घ्यायचा, आपलं ज्ञान मध्ये आणायचं नाही.

लॅबमध्ये आयटीच्या कॉमर्स शाखेला संगणकीय हिशेबासाठी जीएनयूखाता हे फुकट सॉफ्टवेअर आहे, आणि बाहेर नोकरीला सगळे टॅली विचारतात. दोन्हींची घडण एकच: कंपनी तयार करा, खाती उघडा, व्हाउचर भरा, अहवाल बघा. टॅली विकत न घेता शैक्षणिक प्रकारात चालवता येतं, पण त्यात महिन्याची १, २ आणि ३१ एवढ्याच तारखा चालतात. हे आधी सांगितलं नाही तर अर्धा तास ‘सर, तारीख घेईना’ यातच जातो. आपल्या ४० व्यवहारांच्या तारखा आधीच या तीनांत बसवून घ्याव्यात.

बटणं चार दिवसांत हाताला बसतात: एफ ४ कॉन्ट्रा, ५ पेमेंट, ६ रिसीट, ७ जर्नल, ८ विक्री, ९ खरेदी. खातं कोणत्या गटाखाली उघडायचं, हे मात्र चार महिने चुकतं. उधारीवर माल देणारा व्यापारी ‘सन्ड्री क्रेडिटर्स’खाली, उधार नेणारं गिऱ्हाईक ‘सन्ड्री डेटर्स’खाली, कर ‘ड्यूटीज अँड टॅक्सेस’खाली. मालकानं घरखर्चाला नेलेले पैसे म्हणजे उचल. ती भांडवलातून वजा व्हायला हवी, पण पोरं ती अप्रत्यक्ष खर्चात टाकतात आणि दुकानाचा नफा उगाच कमी दिसतो. दुसरं, रोकड वजा दिसायला लागली की थांबायचं. गल्ल्यात वजा पैसे असू शकत नाहीत, म्हणजे एखादी रिसीट राहिलीय किंवा तारीख पुढची पडलीय. माल वजा दिसत असेल तर खरेदीची नोंद राहिली, नाहीतर एकक चुकलं. खरेदी ‘पोत्यात’, विक्री ‘किलोत’ आणि दोघांची सांगड घातलेली नाही, हा नेहमीचा प्रकार.

मराठीत टाइप करायचं असेल तर युनिकोडच वापरावं. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की सगळी चिन्हं दिसतात. प्रोजेक्ट जमा करायच्या आदल्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात ही रडारड हमखास असते.

वेबपेजच्या प्रॅक्टिकलमध्ये थोडं थांबावं लागतं, कारण इथल्या चुका मुलांना ‘आपल्याला जमत नाही’ असं वाटायला लावतात, आणि त्या असतात फुटकळ. नोटपॅडमध्ये फाइल ‘एचटीएमएल’ म्हणून जतन केली, पण संगणकानं मागं गुपचूप ‘टीएक्सटी’ जोडलं. दुहेरी क्लिक केलं की वेबपेज न उघडता नुसता कोड दिसतो. जतन करताना ‘सेव्ह अ‍ॅज टाइप’मध्ये ‘ऑल फाइल्स’ निवडायचं. रेडिओ बटणांत पुरुष आणि स्त्री दोन्ही निवडले जातात, कारण दोघांचं ‘नेम’ वेगळं दिलंय. ते एकच हवं. आणि जावास्क्रिप्टमधली बेरीज. दोन चौकटींत १० आणि ५ टाकले, उत्तर आलं १०५. चौकटीतून येतो तो मजकूर असतो, आकडा नसतो. अधिकच्या खुणेनं दोन मजकूर एकापुढं एक चिकटतात. ‘पार्स इंट’ लावून आधी त्याचा आकडा करायचा. गंमत म्हणजे गुणाकार नीट येतो, कारण तिथं जावास्क्रिप्ट स्वतःच आकडा करून घेते. म्हणून मुलांना वाटतं बेरजेतच काहीतरी भूत आहे. नावांतली लहान-मोठी अक्षरंही तंतोतंत लागतात. एक अक्षर चुकलं की पान शांत बसून राहतं, चूक दाखवतही नाही. एफ १२ दाबून कन्सोल उघडायची सवय पहिल्याच आठवड्यात लावली तर शिक्षकाची निम्मी धावपळ वाचते.

एसईओचं, म्हणजे शोधताना आपलं पान वर यावं यासाठी काय करायचं त्याचं, प्रकरण वाचायला लहान आहे. पानाचं शीर्षक, वर्णन, चित्राला पर्यायी मजकूर, साइटमॅप एवढं नीट केलं तरी पुरतं.

ओसीच्या पुस्तकातला मार्केटिंगचा धडा शेवटी येतो, आणि शेवटी येतो म्हणून घाईत जातो. तो दिवाळीच्या आधी घ्यावा, कारण त्याचं प्रॅक्टिकल दिवाळीतच होतं. त्याआधी एक आठवडी बाजार. चार मुलं, दोन जोड्या, ३० माणसं, ८ प्रश्न. याहून मोठा सर्व्हे शाळकरी मुलांकडून धड होत नाही. सकाळी माणसं घाईत असतात. पुष्कळ गावांत शेतमजुरांची आठवड्याची मजुरी बाजाराच्या दिवशीच होते, म्हणून खरेदीची खरी गर्दी दुपारनंतर. दोन ते पाच ही वेळ धरावी.

प्रश्न कसे विचारावेत यावर सगळं अवलंबून. ‘पाकिटातला मसाला परवडतो का?’ असं विचारलं तर सगळे नाही म्हणतात, मग पाकीट पिशवीत असलं तरी. ‘मागच्या बाजाराला मसाला कितीचा घेतला? सुटा की पाकीट? कुठून?’ असं विचारावं. झालेली खरेदी माणूस खरी सांगतो, होणारी सांगताना समोरच्याला बरं वाटेल ते सांगतो. उत्तर ‘दोन पायली’, ‘एक वाटा’, ‘अच्छेर’ असं आलं तर तसंच लिहून घ्यावं आणि तिथंच विचारून किलोत बदलावं. पायली हे माप आकारमानाचं आहे. ज्वारीची पायली आणि शेंगांची पायली वजनात एक नसते, गावागणिकही फरक पडतो. घरी येऊन अंदाजानं बदललेले आकडे टाकून द्यावेत. आणि ३० पैकी १२ जण नात्यागोत्यातले निघाले तर ते पुन्हा करायला लावावं. तसं दरवर्षी निघतात.

सुरुवातीला मुलांना काहीतरी खायचं विकायचं असतं: चटणी, मेतकूट, चिवडा. ते टाळलेलं बरं. खाद्यपदार्थ विकायला छोट्यात छोट्या धंद्यालाही अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, आणि पाकीटबंद केलं की निव्वळ वजन, महिना-वर्ष, कमाल किंमत, पॅक करणाऱ्याचा पत्ता हे सगळं छापावं लागतं. शिकायला चांगलं, पण दोन आठवड्यांच्या प्रोजेक्टात बसत नाही. आकाशकंदील बसतो.

एका गटाचा हिशेब असा धरू. कंदील ६०. रंगीत कागद ५४० रुपये, कामट्या आणि पुठ्ठा ३६०, डिंक-दोरा १२०. माल १,०२० चा, म्हणजे एका कंदिलाला १७ रुपये. टेबल-मांडवाचं भाडं ३०० आणि फलक ८०, हे ३८० कंदील एक विकला तरी लागणार, साठ विकले तरी लागणार. किंमत ४० ठेवली तर एका कंदिलामागं २३ सुटतात, ३८० भागिले २३ म्हणजे साडेसोळा. सतरावा कंदील विकला की टेबल-फलकाचा खर्च निघाला. हा ‘सतरा’ आकडा टेबलामागं चिकटवून ठेवावा, विकताना पोरांना भाव किती सोडायचा ते त्यावरून कळतं.

१,४०० चं भांडवल तिघांनी घातलं: ७००, ५०० आणि २००. आधी काही लिहून घेतलं नाही तर काय होतं, हे बारावीच्या भागीदारीच्या धड्याचं उत्तम उदाहरण. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणं करार नसेल तर नफा सारखा वाटायचा, भांडवलावर व्याज नाही, कुणाला पगार नाही. ७०० घालणारा चिडतो, २०० घालणारा खूश. (कायद्यानं सतरा वर्षांचं मूल भागीदार होऊच शकत नाही, फक्त फायद्यापुरतं घेता येतं, हेही याच वेळी सांगून टाकावं.) चार ओळींचं करारपत्र आधी करून घेणं आणि मुद्दाम एका गटाला करू न देणं, दोन्ही करून बघावं.

कंदील वसुबारसेच्या आठवडाभर आधी मांडावे लागतात. त्या दिवशी मांडणारा उशिरा आला. गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, ‘बल्ब बसतो का?’ खालचं तोंड होल्डर जाईल एवढं रुंद हवं. हे कंदील केल्यावर आठवलं तर सगळे कापावे लागतात. जुना तापणारा दिवा कागदाजवळ नको, एलईडीच लावायला सांगावं. क्यूआर कोड कुणाच्या खात्याचा लावला ते लिहून ठेवावं. एखाद्याच्या बापाच्या खात्यात पैसे गेले की त्यातच घरचे व्यवहार मिसळतात, आणि ‘व्यवसाय आणि मालक वेगळे’ ही पुस्तकातली संकल्पना कशाला आहे ते आपोआप समजतं. रोख आणि यूपीआय रोज संध्याकाळी वेगवेगळं मोजावं, एकत्र मोजलेलं कधी जुळत नाही.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळपर्यंत ४० कंदील ४० रुपयांनी गेले, १,६००. मग भाव निम्मा करून १२ गेले, २४०. आठ उरले. जमा १,८४०, खर्च १,४००, हातात ४४०. करार नसेल तर तिघांना १४६ रुपये ६७ पैसे.

इथं दोन प्रश्न मुद्दाम घालावेत. एक कंदील करायला वीस मिनिटं धरली तर साठांचे वीस तास होतात. ताशी ३० रुपये मजुरी लावली तरी ६०० झाले, म्हणजे ४४० चा नफा १६० चा तोटा झाला. घरच्या माणसांनी चालवलेल्या कुठल्याही दुकानाचा, गोठ्याचा, शेताचा हिशेब असाच फसवा असतो. घरची मजुरी कुणी लिहीत नाही. दुसरा प्रश्न उरलेल्या आठांचा. १७ नं धरले तर अखेरचा साठा १३६, नफा ५७६ दिसतो. नियम असा की साठा खरेदी-खर्च किंवा विकून येणारी किंमत, यांतली कमी असेल त्या किमतीनं धरायचा.

परीक्षेबद्दल थोडकं. बीके, ओसी, एसपी यांचे ८० लेखी आणि २० प्रकल्प-तोंडीचे. आयटीची ८० गुणांची परीक्षा संगणकावर असते, अडीच तासांची: रिकाम्या जागा, चूक-बरोबर, पर्यायी प्रश्न, जोड्या, आणि शेवटी थोडक्यात उत्तरं व प्रोग्राम. पर्यायी प्रश्नांत ‘दोन बरोबर निवडा’ हे एकटेच २० गुणांचे. तिथं एक पर्याय निवडून पुढं पळणारी मुलं फार. शेवटचे दोन प्रश्न, प्रत्येकी १० गुण, टाइप करावे लागतात. ज्यानं वर्षभर मित्राच्या शेजारी बसून ‘तू टाइप कर’ म्हटलं त्याचे वीस गुण इथं अडकतात. ओसीत ग्राहक संरक्षणाच्या धड्याची आपल्या हातातली आवृत्ती बघून घ्यावी. २०१९ च्या कायद्यात जिल्हा आयोगाची मर्यादा १ कोटी होती, डिसेंबर २०२१ च्या नियमांनी ती ५० लाखांवर आली. उत्तरपत्रिकेत कोणता आकडा लिहायचा ते आपल्या शिक्षकाशी आधी बोलून ठेवावं.

तोंडीला बाहेरचे परीक्षक प्रोजेक्टची फाइल उघडतात आणि साधारण एकाच पानावर थांबतात, ताळेबंदावर. साठ्याचा आकडा वाचून विचारतात, ‘हे १३६ कुठून आले?’ गुणाकार सगळे सांगतात. पुढचा प्रश्न असतो, ‘आता हे कंदील कोण घेईल?’ जानेवारीपर्यंत कपाटावर ठेवलेल्या कंदिलाचा गुलाबी रंग उडून पांढुरका झालेला असतो, कामटी निसटलेली असते. त्या गटानं साठा शून्य धरला असेल तर फाइलबरोबर त्यातला एक कंदील घेऊन जावा आणि टेबलावर ठेवावा.